पर्यावरणविषयक कांहीं इंग्रजी शब्द व त्यांचा शेतकऱ्याशीं संबंध

अलीकडे शेतकऱ्याच्या हातांत येणाऱ्या कागदांची भाषा बदलत चालली आहे. पूर्वीं सारा, तगाई, नजराणा, फेरफार, वहिवाट एवढे शब्द ठाऊक असले म्हणजे चावडीवरचा बहुतेक व्यवहार उमगत असे. हल्लीं बँकेच्या, विमा कंपनीच्या व सरकारी योजनांच्या कागदांत ‘क्लायमेट’, ‘सस्टेनेबल’, ‘वेस्टलँड’, ‘कार्बन क्रेडिट’ असे शब्द येतात. सोबत मराठी तर्जुमा असला तरी तो पुष्कळदां मूळ शब्दाहून अवघड असतो. ‘शाश्वत’ हा शब्द ऐकला कीं आमच्या वयाच्या माणसास कोणी परमार्थाविषयीं बोलत आहे असेंच वाटतें. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी करून हयात घालविली. इंग्रजी शाळेंत फारसें शिकण्याचा योग आला नाहीं. जें आलें तें परिपत्रकें वाचून आलें. परंतु त्या नोकरीनें एक गोष्ट पक्की शिकविली कीं, सरकारी कागदांतील शब्द हा नुसता शब्द नसतो. कोणास काय मिळावयाचें व कोणाचें काय जावयाचें हें त्यावर ठरतें. म्हणून आपल्या जमिनीशीं व पाण्याशीं ज्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो अशा कांहीं शब्दांचा व वाक्प्रचारांचा अर्थ येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम हवामानाचे शब्द घेऊं. मराठींत ‘हवामान’ हा एकच शब्द आहे. इंग्रजींत ‘वेदर’ व ‘क्लायमेट’ असे दोन आहेत. आज दुपारीं आभाळ भरून आलें, वारा पडला, हें ‘वेदर’. मृगाचा पाऊस आपल्या शिवारांत सामान्यतः केव्हां येतो, हस्ताचा किती पडतो, थंडी केव्हां सुरू होते, याची दीर्घकाळची सरासरी म्हणजे ‘क्लायमेट’. जागतिक हवामान संघटनेनें या सरासरीसाठीं तीस वर्षांचें माप धरलेलें आहे. तेव्हां एका वर्षीं मृग कोरडा गेला एवढ्यावरून क्लायमेट बदललें असें म्हणतां येत नाहीं, आणि एका वर्षीं थंडी कडाक्याची पडली एवढ्यावरून तें बदललें नाहीं असेंहि ठरत नाहीं. पारावरच्या बहुतेक वादांत हे दोन शब्द एकमेकांत मिसळलेले असतात.

‘नॉर्मल’ हा शब्द तर याहून फसवा आहे. भारतीय हवामान खातें १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरतें, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला म्हणजे त्यास ‘नॉर्मल’ म्हणतें. शेतकरी तो शब्द वर्तमानपत्रांत वाचतो व यंदा आपलें साधलें असें समजतो. परंतु ही सरासरी सबंध देशाची आणि चार महिन्यांची मिळून आहे. पेरणीनंतर तीन आठवडे उघाडी पडली, कोवळें पीक करपलें, आणि पुढें सप्टेंबरांत धो धो पडून हिशेब भरून निघाला, तरी कागदावर तें वर्ष नॉर्मलच. पाऊस बेरजेनें मोजला जातो, पीक मात्र दिवस मोजून वाढतें.

दुष्काळास इंग्रजींत ‘ड्रॉट’ म्हणतात. २०१६ सालीं हवामान खात्यानें सबंध देशाच्या पावसाविषयीं बोलतांना हा शब्द वापरणें सोडून ‘डेफिशियंट’, म्हणजे तुटीचें वर्ष, हा शब्द घेतला. त्यांत शास्त्राच्या दृष्टीनें कारण आहे. पाऊस कमी पडणें ही एक गोष्ट, आणि त्यामुळें पीक, चारा व पिण्याचें पाणी जाणें ही दुसरी. दुसरीचा निर्णय राज्य सरकारानें करावयाचा असतो. हा निर्णय आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पैसेवारीनें होत असे. गांवाच्या पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खालीं गेली कीं टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा होई. आमचीं किती तरी वर्षें त्या तक्त्यांच्या बेरजा जुळविण्यांत गेलीं. पैसेवारींत दोष पुष्कळ होते, पण ती गांवकऱ्याला समजत असे व तिच्यावर तो भांडूं शके. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ-पुस्तिकेनें तिच्या जागीं ‘ट्रिगर’ आणले. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा. तो दाबल्याखेरीज गोळी सुटत नाहीं. पहिला ट्रिगर पावसाच्या तुटीचा. तो लागू झाला म्हणजे पेरणीचें क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारा पिकाचा हिरवेपणा, जमिनींतील ओल, धरणें व विहिरींचें पाणी, हीं पाहावयाचीं. शेवटीं ‘ग्राउंड ट्रूथिंग’, म्हणजे प्रत्यक्ष शेतांत जाऊन पडताळा. त्यावरून दुष्काळ ‘मॉडरेट’ कीं ‘सिव्हियर’, मध्यम कीं गंभीर, हें ठरतें. आणि त्या पुस्तिकेप्रमाणें केंद्राच्या आपत्ति निधीकडे मागणी करावयाची ती गंभीर ठरलेल्या दुष्काळासाठीं. २०१८ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्र सरकारानें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांपैकीं ११२ गंभीर व ३९ मध्यम होते. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत बांध तोच, करपलेली बाजरी तीच, आणि मध्यें एक विशेषण. म्हणून आपल्या गांवीं पडताळ्यासाठीं मंडळी आली म्हणजे त्या दिवशीं घरीं बसूं नये. कोणते गट निवडले, त्यांत ओलिताचे किती व जिरायत किती, हें स्वतः पाहावें व पंचनाम्याची नक्कल मागून घ्यावी.

आतां ‘वेस्टलँड’ या शब्दाकडे वळूं. मराठींत याचें भाषांतर पडीक जमीन असें करतात, तें अपुरें आहे. इंग्रजींत ‘वेस्ट’ म्हणजे वायां गेलेलें. इंग्रज अमदानींतील वसुली अंमलदाराच्या दृष्टीनें जिच्यावर सारा बसत नाहीं ती जमीन वायां. गुरांस, मेंढ्यांस, पक्ष्यांस अथवा गरिबाच्या चुलीस तिचा काय उपयोग होतो याचा रकाना त्याच्या वहींत नव्हता. आपल्या सातबाऱ्यावरील ‘पोटखराबा’ हा शब्द त्याच कुळांतला. त्याच्या ‘ब’ वर्गांत रस्ता, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक उपयोगाच्या जागा येतात. ज्या ओढ्यावर सगळें शिवार जगतें त्याची नोंद खराब्यांत व्हावी, हें नोकरींत असतां आम्हांस कधीं खटकलें नाहीं. हातांतली वही तशी होती.

इंग्रज गेले तरी शब्द राहिला. १९८५ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय वेस्टलँड विकास मंडळ स्थापन केलें, तेव्हां हेतु चांगला होता; उजाड टेकड्या हिरव्या कराव्या हा. परंतु दख्खनचें माळरान उजाड नव्हे. तें मूळचेंच गवताचें रान आहे. पावसाळ्यानंतर धनगरांच्या मेंढ्या त्यावर चरतात, आणि त्याच मेंढ्या शेतांत बसवून आपण खत मिळवितों. माळढोक पक्ष्याचें ठिकाण तेंच. सोलापुराजवळील नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य झालें तें गवताळ माळाचें, जंगलाचें नव्हे. अशा माळावर खड्डे घेऊन झाडें लावलीं तर फोटो चांगले निघतात, पण गवत जातें व मेंढपाळाची वाट बंद होते. एखाद्या प्रकल्पाच्या कागदांत आपल्या गांवच्या माळास ‘वेस्टलँड’ म्हटलेलें आढळलें तर त्यावर किती जनावरें किती महिने चरतात याचा ग्रामसभेंत ठराव करून तो आंकड्यांसह कळवावा. ‘वायां’ या शब्दास हाच एक जबाब आहे.

याला लागूनच ‘कॉमन्स’ हा शब्द येतो. कॉमन्स म्हणजे सामायिक मालमत्ता. आपलें गायरान, गांवतळें, पाणवठा. १९६८ सालीं गॅरेट हार्डिन या अमेरिकन प्राध्यापकानें ‘ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स’, म्हणजे सामायिकाची शोकांतिका, या नांवाचा लेख लिहिला आणि तो वाक्प्रचारच होऊन बसला. त्याचा युक्तिवाद असा: कुरण सर्वांना मोकळें असलें तर प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो, कारण नफा त्याचा एकट्याचा व नुकसान सर्वांचें, अखेर कुरण नष्ट होतें. यावरून पुष्कळांनीं अनुमान काढलें कीं सामायिक जमीन सरकारनें घ्यावी किंवा खासगी मालकाला द्यावी, तिसरा मार्ग नाहीं.

तिसरा मार्ग दाखविला एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनें. त्यांचा ग्रंथ १९९० सालीं निघाला, आणि २००९ सालीं अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांनीं स्वित्झर्लंडांतील टोर्बेल गांवाचें उदाहरण दिलें आहे. तेथें १५१७ सालापासूनचा नियम असा कीं, हिवाळ्यांत जितक्या गाई आपल्या वैरणीवर पोसतां येतील तितक्याच उन्हाळ्यांत सामायिक कुरणावर सोडाव्या. नियम सोपा, मोजायला सोपा, आणि शेजाऱ्याची नजर हाच पहारेकरी. आपल्याकडील खानदेशांतली पांझरेवरची फड पद्धति याच जातीची आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडावयाचे, कोणत्या फडांत यंदा कोणतें पीक हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, पाणी पाटकऱ्यानें द्यावयाचें, आणि तूट आली तर ती सर्वांनीं सोसावयाची. हार्डिन यांनाहि पुढें कबूल करावें लागलें कीं आपलें म्हणणें नियम नसलेल्या कुरणापुरतें होतें. पण वाक्प्रचार एकदां सुटला म्हणजे त्याला दुरुस्तीपत्रक जोडतां येत नाहीं. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यांत गांवच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याची योजना करावी असा आदेश सर्व राज्यांना दिला. तो निकाल गायरानाच्या प्रत्येक अर्जांत नमूद करण्याजोगा आहे.

कांहीं वाक्प्रचार थोडक्यांत सांगतों. ‘कोळशाच्या खाणींतील कॅनरी’ असा एक आहे. कॅनरी हा लहान पिवळा पक्षी. खाणींत कार्बन मोनॉक्साईड वायु सुटला तर त्याला रंग नाहीं व वास नाहीं. पक्षी आधीं कोसळे व माणसें बाहेर पळत. इंग्लंडांतील खाणींत ही चाल १९८६ पर्यंत होती. म्हणून पुढील संकटाची पहिली खूण देणाऱ्या प्राण्यास किंवा माणसास ती उपमा देतात. आपल्याकडचें गिधाड हें असेंच. गिधाडें एकाएकीं नाहींशीं होऊं लागलीं तेव्हां कारण कळेना; २००४ सालीं सिद्ध झालें कीं जनावरांना दिलेलें डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसांतून त्यांच्या पोटांत जाऊन त्यांचीं मूत्रपिंडें निकामी करतें. २००६ सालीं भारतांत जनावरांसाठीं त्यावर बंदी आली.

‘ग्रीनवॉश’ म्हणजे हिरवा चुना फासणें. जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकन लेखकानें १९८६ सालीं तो शब्द योजिला. हॉटेलवाले पृथ्वी वाचविण्यासाठीं टॉवेल पुन्हा वापरा असें सांगतात आणि वांचवितात धुलाईचा खर्च, असें त्याचें म्हणणें. ‘निंबी’ हा शब्द ‘माझ्या परसांत नको’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांचा आहे, आणि तो शिवीसारखा वापरतात. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी येथें टाकला गेला. तेथील लोकांनीं विरोध केला म्हणजे त्यांना निंबी म्हणावें काय? परसू त्यांचें, कचरा दुसऱ्याचा. आमच्या मतें हा शब्द मुळीं तेथें लागूच पडत नाहीं.

राहतां राहिलें कार्बन क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साईड अथवा तितक्याच परिणामाचा वायु हवेंत जाण्यापासून वांचविल्याचा किंवा जमिनींत अथवा झाडांत सांठविल्याचा दाखला. भारत सरकारनें २०२३ सालीं त्याच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली. त्याशिवाय खासगी बाजारहि आहे. अशा करारपत्रांत तीन शब्द शोधून काढावे. ‘ॲडिशनॅलिटी’, म्हणजे योजना नसती तर जें झालेंच नसतें तेंच मोजलें जाईल. यामुळें वीस वर्षें शेणखत घालून जमीन राखणाऱ्यास त्या जुन्या कामाचें कांहीं मिळत नाहीं, आणि आजवर जमीन ओरबाडणाऱ्यास सुधारणेचें मिळतें. हें अन्यायाचें दिसतें, पण तो शब्द त्या व्यवहाराचा पायाच आहे. ‘परमनन्स’, म्हणजे सांठविलेला कार्बन ठरलेलीं वर्षें तेथेंच राहिला पाहिजे. मध्यंतरीं नांगरट, विक्री किंवा वांटणी झाली तर काय, हें आधीं विचारावें, कारण बाप सही करतो व बंधन मुलांवर येतें. ‘लीकेज’ म्हणजे पाट फुटणें नव्हे. आपल्या रानांतून हटविलेलीं गुरें दुसऱ्याच्या रानांत चरूं लागलीं तर तें नुकसान आपल्या खात्यांतून वजा होतें. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांपुढें असा करार आला तेव्हां त्यांनीं तो आमच्याकडे आणला. वीस पानांच्या त्या कागदांत शेतकऱ्याला किती पैसे व केव्हां, हें एका ओळींत, तेंहि ‘बाजारभावानें’ एवढेंच होतें. मराठी प्रत जोडलेली होती. परंतु दोन्ही प्रतींत फरक आढळल्यास इंग्रजी प्रत प्रमाण मानावी असें कलम शेवटच्या पानावर, सहीच्या जागेच्या अगदीं वर, बारीक अक्षरांत होतें.