पहिल्या वर्षाचे गुरुजी काय मागतात?

काशीचा मुन्शी घाट नागपूरकरांना परका वाटू नये. नागपूर दरबारचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाने तो ओळखला जातो. तेथून अहल्याबाई घाट आणि दशाश्वमेध ओलांडून पुढे गेले, की मानमंदिर घाटावर सवाई जयसिंगाची वेधशाळा लागते. या वेधशाळेतील यंत्रांची माहिती लिहून ठेवणारे पंडित बापूदेव शास्त्री हेही नागपुरातच शिकलेले. घराणे गोदाकाठच्या टोके गावचे, आडनाव परांजपे, जन्म १८२१ चा.

यंदा आपल्या घरातले कुणी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असेल, तर बापूदेवांची गोष्ट त्याला अवश्य सांगावी.

पुन्हा श्रीगणेशा

नागपुरात बापूदेवांनी भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आणि बीजगणित शिकून घेतले होते. भोपाळचे इंग्रज पोलिटिकल एजंट विल्किन्सन यांनी त्यांची हुशारी हेरली आणि १८३८ मध्ये त्यांना सिहोरच्या पाठशाळेत नेले. तेथे रेखागणिताचा आणि पाश्चात्त्य शास्त्राचा नवा अभ्यास सुरू झाला. वय होते सतराच्या आसपास, म्हणजे आजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचेच! गावातला हुशार मुलगा परगावी पुन्हा नवशिका झाला. पुढे काशीच्या संस्कृत कॉलेजात ते रेखागणित शिकवू लागले.

आपल्या मुलांचेही असेच होते. बारावीला ऐंशी टक्के मिळवलेली मुलगी पहिल्या चाचणीत जेमतेम पास होते आणि घर काळजीत पडते. तिची बुद्धी कमी झालेली नसते. फक्त शिक्षकांची मागणी बदललेली असते.

मागणी काय असते?

प्राथमिक अभ्यासक्रम शिकवणारा प्राध्यापक विद्यार्थ्याला विषय आधीच यावा, अशी अपेक्षा ठेवत नाही. त्याच्या अपेक्षा साध्याच असतात.

पहिली, ‘का’ विचारणे. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश, हे शाळेतच पाठ झालेले असते. पण का? शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून ते स्वतः दाखवता आले, म्हणजे ते ज्ञान आपले झाले.

दुसरी, हाताने करून पाहणे. ‘लीलावती’त नियम सांगून झाला, की भास्कराचार्य लगेच उदाहरण घालतात. फळ्यावरचे उत्तर उतरवून घेणे म्हणजे गणित सोडवणे नव्हे.

तिसरी, स्वतःच्या शब्दांत लिहिणे. उसनी टिपणे किंवा संगणकाने लिहून दिलेले उत्तर वाचून विद्यार्थी कुठे अडला, हे शिक्षकाला कळत नाही. चुकलेले पण स्वतःचे उत्तर त्याला अधिक उपयोगी पडते.

चौथी, वेळेवर मदत मागणे. दुसऱ्या आठवड्यात न समजलेले परीक्षेच्या आदल्या रात्री समजत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पहिल्या वर्षी मुख्य विषयाबाहेरचे विषयही घ्यावे लागतात. त्यामुळे नवशिकेपण आता जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येते.

शिक्षकाचीही जबाबदारी

मागणी एकतर्फी नसावी. बापूदेवांनी ‘सूर्यसिद्धांता’चा इंग्रजी अनुवाद केला, तो १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्याआधी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी हिंदीत बीजगणित लिहिले होते. शिष्याला कळेल त्या भाषेत सांगणे त्यांनी कमीपणाचे मानले नाही. १८८९ मध्ये त्यांच्या निवृत्तीनंतर त्या जागी आलेले सुधाकर द्विवेदी यांनीही हिंदीत कलनशास्त्रावर पुस्तके लिहिली.

आई-वडिलांनी एवढेच करावे. संध्याकाळी ‘किती मार्क पडले?’ याऐवजी ‘आज काय समजले नाही?’ असे विचारावे. ‘मला अमुक समजले नाही’ हे न घाबरता सांगणारा मुलगा उद्या वर्गातही हात वर करील. आणि पहिल्या वर्षाच्या शिक्षकाला वर्गात पाहायचा असतो, तो हाच वर झालेला हात.