भार पडल्यावर इंजिन किती हलते?

मोटारीचे इंजिन सांगाड्याला घट्ट जखडलेले नसते. ते रबराच्या तीन-चार बैठकांवर बसवलेले असते. गॅरेजमध्ये त्यांना फाउंडेशन म्हणतात. इंजिन चाकांना एका दिशेने पीळ देते, तेव्हा ते स्वतः उलट दिशेला कलंडू पाहते. हा कल रबर पेलते.

छोट्या मोटारीत इंजिन आडवे असते आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल त्यालाच जोडलेले असतात. म्हणून चाकांना मिळणारा सगळा पीळ उलटून फाउंडेशनवर येतो. समजा, इंजिनचा टॉर्क १०० न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरने तो साडेतीनपट आणि डिफरन्शियलने आणखी चौपट केला, तर चाकांपाशी १,४०० होतो. दोन फाउंडेशनांत अर्ध्या मीटरचे अंतर धरले, तर प्रत्येकावर २,८०० न्यूटन, म्हणजे ५० किलोच्या साडेपाच पोत्यांहून जास्त भार येतो. वसमत-हिंगोलीच्या बाजारात हळद आणणाऱ्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपचे इंजिन उभे असते. तिथे डिफरन्शियलने वाढवलेल्या पिळाची उलटी ओढ मागचे पाटे झेलतात. इंजिनला गिअरबॉक्सपर्यंतचाच पीळ सोसावा लागतो आणि ते डावी-उजवीकडे झुकते.

मोजायला फारसे काही लागत नाही. इंजिनच्या वरच्या भागाला ताठ तार बांधून तिच्या टोकाला पेन्सिल लावायची आणि टोकासमोर बॉडीला जाड कागद चिकटवायचा. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच थोडा सोडला की कागदावर रेघ उमटते. मग तेच रिव्हर्समध्ये करायचे. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभे राहायचे नाही, ही अट सोडण्यासारखी नाही. शेजारी पट्टी लावून मोबाइलवर स्लो मोशन चित्रण केले, तर वाचन अधिक नेमके मिळते.

हाफ क्लचवरचा भार मात्र दर वेळी सारखा नसतो. ही उणीव चाचणी संस्थांतला डायनॅमोमीटर भरून काढतो. १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची एआरएआय ही अशीच संस्था. रोलरवर ठरावीक भार देऊन विस्थापनमापकाने हालचाल नोंदवता येते. कंपनमापक थरथर उत्तम टिपतो, पण संथ कल त्याच्याकडून काढू नये. तो त्वरण मोजतो, आणि त्यावरून अंतर काढण्याच्या हिशेबात चूक साचत जाते.

इंजिन इतके हलते, तरी रबर मऊ ठेवावे लागते ते आयडलिंगसाठी. तीन सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ८०० फेऱ्यांना सेकंदाला २० स्फोट होतात. ही थरथर अडवायची, तर रबरावरच्या इंजिनची स्वाभाविक कंपने सेकंदाला १४ च्या बरीच खाली हवीत. औंढा नागनाथजवळच्या नियोजित लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचे लोलकासारखे टांगलेले आरसेही याच नियमाने जमिनीच्या कंपनांपासून वेगळे राहतील. तिथे मोजायची हालचाल प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा-हजाराव्या भागाहूनही लहान. गॅरेजला मिलिमीटर पुरतो.

रबर शाबूत असेल, तर भार वाढेल तशी हालचाल मंदावते आणि भार काढताच पेन्सिल मूळ खुणेवर येते. फाउंडेशन फाटले असेल, तर एका दिशेची रेघ एकदम लांबते, शेवटी धातूचा ठोका ऐकू येतो आणि वाढलेल्या हालचालीचा ताण सायलेन्सरचा पाइप, होज व गिअरच्या केबलवर पडतो. रेघ मूळ खुणेवर न परतता एका बाजूला सरकून राहिली, तर रबर दबले आहे किंवा बोल्ट ढिला आहे.