मुनीम की हुंडेकरी?

व्यापारात माल तयार करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो गिऱ्हाइकाच्या दारी सुखरूप पोचविणे महत्त्वाचे असते. पूर्वी आपल्या भागातील उत्पादकाला या दुसऱ्या गोष्टीची फारशी चिंता नसे. माल बाजारात नेऊन अडत्याच्या हवाली केला की त्याची जबाबदारी संपे. आता संग्रामपुरात बसून हळद किंवा पापड करणाऱ्याकडे पुण्याचे गिऱ्हाईक मोबाइलवरून थेट मागणी नोंदवू शकते. अशा वेळी दोन मार्ग पुढे येतात. एक, पार्सलांचा व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर घेऊन रवानगीचे काम आपणच करावयाचे; दुसरा, साठवण, बांधणी व रवानगी हे सारे एखाद्या लॉजिस्टिक्स कंपनीवर सोपवावयाचे. यांपैकी कोणता मार्ग कोणी धरावा, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

नावे नवी असली तरी हे दोन्ही प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. सॉफ्टवेअर म्हणजे मुनीम. तो मागणी टिपून घेतो, निरनिराळ्या कुरियर कंपन्यांचे दर शेजारी शेजारी मांडतो, पत्त्याची चिठ्ठी छापतो, पार्सल कोठवर गेले ते सांगतो. मात्र खोका उचलून गाडीत ठेवीत नाही. लॉजिस्टिक्स कंपनी म्हणजे हुंडेकरी. भाडे, वाटेतील जकात व इतर खर्च मिळून एकच आकार ठरवून माल पोचता करणाऱ्यास आपल्याकडे हुंडेकरी म्हणत. मुनिमाला काम असो वा नसो, पगार द्यावा लागतो. हुंडेकरी नगावर पैसे घेतो. निवडीचा निम्मा हिशेब या एका भेदात आहे.

समजा, सॉफ्टवेअरचे महिन्याला १,५०० रुपये आणि बांधणीसाठी ठेवलेल्या अर्धवेळ माणसाचे ९,००० रुपये, असा १०,५०० रुपये ठरीव खर्च येतो. उलट कंपनी साठवण, बांधणी व रवानगीबद्दल दर पार्सलामागे ३५ रुपये मागते. कुरियरचे भाडे दोन्हीकडे सारखेच धरले, तर १०,५०० ला ३५ ने भागून ३०० येतात. महिन्याला ३०० हून कमी पार्सले जात असतील तर हुंडेकरी स्वस्त, अधिक जात असतील तर मुनीम स्वस्त. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. त्यांच्या जागी प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. ज्याची महिन्याला दहा-पंधराच पार्सले जातात, त्याला दोहोंपैकी कशाचीच गरज नाही. वही, पोस्ट ऑफिस आणि घरची माणसे एवढ्यावर त्याचे भागते.

परंतु केवळ या भागाकारावर निर्णय करू नये. संग्रामपूरला रेल्वे स्थानक नाही. माल सडकेनेच बाहेर काढावा लागतो. कंपनीचे गोदाम बहुधा भिवंडी किंवा नागपूर अशा ठिकाणी असावयाचे. ज्याची बहुतेक गिऱ्हाइके मुंबई-पुण्याची आहेत आणि ज्याची डाळ-हळद महिनोन् महिने टिकते, त्याने टेंपोभर माल एकदम भिवंडीस नेऊन ठेवला तर पार्सले लवकर पोचतील. पण संत्री किंवा मागणीवरून बनविलेला जिन्नस गोदामात ठेवून काय उपयोग? शिवाय गोदामात पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेले भांडवलच होय.

आता भाड्यातील एक खोच पाहू. कुरियर कंपन्या केवळ काट्यावरचे वजन धरीत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत घेऊन त्यांचा गुणाकार बहुधा ५,००० ने भागतात, आणि येणारा आकडा प्रत्यक्ष किलोंहून मोठा असल्यास त्यावर भाडे लावतात. ४० × ३० × २० सेंटिमीटरांचा खोका अशा रीतीने ४.८ किलोचा ठरतो. मग आत पापड दोनच किलो का असेनात! चांगला मुनीम हे आधी सांगतो; पण खोका लहान करण्याची अक्कल मालकालाच चालवावी लागते.

दुसरी खोच परतीच्या पार्सलांची. माल पोचल्यावर पैसे घेण्याची रीत नवी नाही. आपल्या टपाल खात्याने व्ही. पी. १८७७ मध्येच सुरू केली. मात्र गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले की जाण्यायेण्याचा भुर्दंड बहुधा विक्रेत्यावरच पडतो, आणि वसूल झालेले पैसेही काही दिवस कंपनीकडे राहतात. थोड्या भांडवलाच्या धंद्याला हा ताण सोसवत नाही. म्हणून परतीचा आकार किती व वसुली किती दिवसांनी मिळणार, हे आधीच लेखी घ्यावे. सडकेने जाणारा माल गहाळ झाला किंवा बिघडला, तर २००७ च्या कायद्याप्रमाणे माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, हेही ध्यानात असावे.

या सर्वांहून मोलाची वस्तू म्हणजे गिऱ्हाइकाचा पत्ता. पार्सलांची वाटणी ज्या पिन क्रमांकावर चालते, त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. पिनसह अचूक पत्त्यांची यादी हे आजच्या व्यापाऱ्याचे खरे भांडवल आहे. मुंबईच्या डबेवाल्यांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले. १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या त्या व्यवस्थेत लोकल गाडी रेल्वेची असते. परंतु डब्यावरील खूण, वाटणीची पद्धत आणि गिऱ्हाइकाशी असलेला संबंध डबेवाल्यांचा स्वतःचा. चाके भाड्याची, पण खूण आपली!

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, मुनीम ठेवा अथवा हुंडेकरी गाठा. मात्र गिऱ्हाइकांची यादी, मागणीच्या नोंदी आणि खोक्यावरचे नाव आपल्या हाती राहील असाच करार करा. प्रथम थोडा माल देऊन एक-दोन महिने अनुभव घ्यावा व मग पक्के ठरवावे. कंपनी बदलली तर नुकसान भरून काढता येते. पण गिऱ्हाइकांची ओळखच परक्या हाती गेली, तर दुकान आपले असूनही व्यापार आपला राहत नाही.