पौर्णिमेचा एक तास : नागपुरातील एका सवयीचा मागोवा

2014 साली नागपूर महानगरपालिका आणि ग्रीन व्हिजिल फाउंडेशन ही पर्यावरणासाठी काम करणारी स्थानिक संस्था यांनी मिळून ‘पौर्णिमा दिवस’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा नागरिकांकडे केलेली मागणी अगदी साधी होती : दर पौर्णिमेला रात्री 8 ते 9 या वेळेत घरातील आणि दुकानातील अनावश्यक दिवे मालवावेत. तत्कालीन महापौर अनिल सोले यांच्या पुढाकाराने आलेल्या या कल्पनेला जागतिक पार्श्वभूमी होती. 2007 साली सिडनी शहरात ‘अर्थ अवर’ पाळला गेला आणि पुढे जगभर मार्चअखेरच्या एका शनिवारी तासभर दिवे मालवण्याची प्रथा पडली. मात्र वर्षातून एकदा केलेली कृती पुढच्या वर्षापर्यंत विसरली जाते, तर पौर्णिमा दर महिन्याला येते, ती प्रत्येक घरच्या कॅलेंडरवर आधीच छापलेली असते आणि त्या रात्री उजेडाची थोडीफार सोय आकाशातूनच होते. हवामान बदलासारखा अवाढव्य प्रश्न तिथीला बांधून दिल्यामुळे तो सामान्य माणसाच्या आवाक्यात आला, हे या उपक्रमाचे पहिले वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

या मागणीची खरी कसोटी सीताबर्डीसारख्या भागातच लागणार होती. व्हेरायटी चौकापासून आत पसरलेली ही बाजारपेठ रात्री आठच्या सुमारास गिऱ्हाइकांनी भरलेली असते, आणि दुकानावरची झगमगती पाटी मालवणे म्हणजे धंद्याच्या ऐन वेळी आपले अस्तित्व पुसणे, अशी व्यापाऱ्याची स्वाभाविक भावना असते. म्हणूनच कौस्तव चॅटर्जी यांच्या नेतृत्वाखालील स्वयंसेवकांनी शहरातील बाजारांत आणि चौकांत दुकानदारांना प्रत्यक्ष भेटून, सगळा अंधार करायचा नसून जाहिरातीचे आणि शोभेचे दिवे तेवढे बंद ठेवायचे आहेत, हे समजावण्याचा मार्ग धरला. पुढील अनेक वर्षे दर पौर्णिमेला हाच संवाद नव्याने होत राहिला.

अशा कृतीचे मोल ठरवताना हिशेब प्रामाणिकपणे मांडणे आवश्यक आहे. एका दुकानाने 500 वॅटचे दिवे तासभर मालवले तर अर्धा युनिट वीज वाचते. भारतात एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असे धरले, तर ही बचत साधारण 350 ग्रॅमची होते. अशी 500 दुकाने एकत्र आली तरी वाचतात 250 युनिट. नागपूरच्या उत्तरेस कोराडी येथील औष्णिक केंद्रात, म्हणजे कोळसा जाळून वीज निर्माण करणाऱ्या केंद्रात, 660 मेगावॅटचे तीन संच आहेत आणि त्यांतील एकच संच पूर्ण क्षमतेने चालला, तर एवढी वीज सुमारे दीड सेकंदात तयार होते. केवळ युनिटांच्या तराजूत तोलले तर पौर्णिमेचा तास नगण्य ठरतो, आणि हे मान्य केल्याशिवाय त्याचे खरे महत्त्व कळत नाही.

ते महत्त्व त्या तासानंतर काय टिकते यात आहे. कोणता दिवा गरजेचा आणि कोणता केवळ सवयीचा, हा प्रश्न एकदा मनात उभा राहिला की तो उरलेल्या दिवसांनाही लागू होतो. 2015 साली केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि मोठ्या प्रमाणावरील खरेदीमुळे एलईडी दिवे सामान्य कुटुंबाला परवडू लागले. 60 वॅटचा जुना बल्ब काढून 9 वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे 93 युनिट वाचतात. याउलट 500 वॅटच्या पाट्या वर्षभरातील बारा पौर्णिमांना तासभर बंद ठेवल्या तर वाचतात 6 युनिट. म्हणजे एक बल्ब कायमचा बदलणे हे त्या सगळ्या पौर्णिमांच्या पंधरापटींहून मोठे काम आहे. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे घडल्या असल्या तरी त्यांचे नाते स्पष्ट आहे : तासाभराची कृती लक्ष वेधते आणि कायमचा बदल त्या लक्षाचे बचतीत रूपांतर करतो.

दरम्यान सीताबर्डीही बदलत गेली. 2019 साली खापरीहून येणारी मेट्रो येथपर्यंत पोहोचली, 2020 मध्ये लोकमान्य नगरकडील मार्गिका तिला येऊन मिळाली आणि स्थानकांच्या छतांवर सौरपट्ट्या बसल्या. 2024 मध्ये घरांच्या छतांवरील सौरऊर्जेसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजना आली, तेव्हा नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला. परंतु त्याआधीच, 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे, काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळून शहरातील अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि मोरभवन बसस्थानक पाण्याखाली गेले. या पुराला नदीचे आकुंचलेले पात्र आणि अडलेले प्रवाहही कारणीभूत होते. तरीही तापणाऱ्या हवेत अधिक बाष्प सामावते आणि अतिवृष्टीची शक्यता वाढते, हे विज्ञानाचे म्हणणे नागपूरकरांना त्या पहाटे पुस्तकाबाहेर भेटले.

या काळाकडे एकत्र पाहिले असता दिसते ते असे, की व्यक्तीची छोटी कृती आणि शासनाचे मोठे धोरण यांना परस्परांचे पर्याय मानणे चुकीचे आहे. दिवा मालवल्याने कोराडीची धुराडी थांबत नाहीत. पण ज्याने दर महिन्याला स्वतःहून दिवा मालवला आहे, त्या नागरिकाला रात्री पाट्या बंद ठेवण्याचा नियम, छतावरील सौरपट्टी किंवा नदीपात्र मोकळे करण्याची कारवाई जाचक वाटण्याऐवजी आपलीच वाटू शकते. पौर्णिमेच्या तासाने अशी लोकसंमती घडवण्याची वाट दाखवली आहे आणि ती कायमच्या नियमांत, जुन्या दिव्यांच्या जागी आलेल्या नव्या दिव्यांत आणि मोकळ्या झालेल्या प्रवाहांत उतरवणे, हे नागपूरच्या नागरिकांचे आणि महानगरपालिकेचे पुढचे काम आहे.