कणगी आणि पेव

ज्वारीच्या एकाच ताटावर शेतकऱ्याचे आणि त्याच्या बैलाचे पोट भरते. कणीस शेतकऱ्याच्या वाट्याला, कडबा बैलाच्या. दाण्याची भाकरी खाऊन माणूस दिवसभर कष्ट करतो. पण उद्या धान्य संपले आणि वैरणीची गंज शिल्लक असली, तरी त्याला कडबा खाऊन राहता येणार नाही. असे का? दाण्यात काही सत्त्व आहे आणि कडब्यात नाही, असे आपल्याला वाटते. रसायनशास्त्र सांगते ते निराळेच आहे. दाण्यातले पिठूळ आणि कडब्याचा मुख्य घटक, म्हणजे सेल्युलोज, ही दोन्ही एकाच विटेची बांधकामे आहेत. ती वीट म्हणजे द्राक्षशर्करा, ग्लुकोज.

ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. झाड सूर्यप्रकाशाच्या बळावर हवा आणि पाणी यांतून हा रेणू घडवते, आणि मग असे शेकडो-हजारो रेणू एकापुढे एक जोडून लांब साखळ्या करते. फरक आहे तो सांध्याचा. पिठुळातला सांधा असा की साखळीला पीळ पडतो, ती मळसूत्रासारखी गुंडाळते आणि पाचकरसाला तिच्यात शिरायला जागा मिळते. सेल्युलोजमध्ये दर पुढचा रेणू उलटा बसतो. त्यामुळे साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना घट्ट बिलगते आणि त्यातून चिवट तंतू तयार होतो. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच.

आपल्या लाळेतला पाचकरस पहिल्या सांध्याला बरोबर लागू पडतो. भाकरीचा घास सावकाश चावीत राहा, तो गोडसर लागू लागेल. दुसऱ्या सांध्याची किल्ली मात्र आपल्याकडे नाही. खरे म्हणजे ती बैलाकडेही नाही! त्याच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात राहणारे सूक्ष्म जीव ते काम करतात आणि बैल त्यांच्या मेहनतीवर जगतो. म्हणून चोथा माणसाला निरुपयोगी, असे मात्र कोणी समजू नये. तो आतड्याची हालचाल नीट ठेवतो आणि शर्करा रक्तात एकदम न जाता हळूहळू जाते.

आता ही शर्करा रक्तात आली. लगेच लागेल तेवढी शरीर खर्च करते. मग उरलेली कोठे ठेवायची? आपल्या जुन्या घरांत दोन तऱ्हेची कोठारे असत. रोजच्या वापराचे धान्य घरातल्या कणगीत आणि अडीअडचणीचे जमिनीखालच्या पेवात. शरीराचीही हीच रीत आहे.

कणगी म्हणजे ग्लायकोजेन. १८५७ साली क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने यकृतातून ते वेगळे काढले. पिठुळासारखीच ही ग्लुकोजची साखळी, पण तिला फांद्या पुष्कळ. त्यामुळे गरज पडताच अनेक टोकांकडून एकदम ग्लुकोज सुटे करता येते. पण कणगी लहान. यकृत आणि स्नायू मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन मावते. एका ग्रॅमला ४ उष्मांक धरले तर हे झाले २,००० उष्मांक, म्हणजे जेमतेम एका दिवसाची बेगमी.

पेव म्हणजे मेद. ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या जोडल्या की चरबीचा रेणू होतो. या शेपट्यांत ऑक्सिजन अगदी थोडा असतो. शर्करेत तो मुळातच भरलेला असल्यामुळे ती जणू अर्धवट जळालेले लाकूड. चरबी म्हणजे कोरडे सरपण. म्हणून एका ग्रॅम चरबीतून ९ उष्मांक मिळतात. शिवाय ग्लायकोजेन आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून बसते आणि चरबीला पाणी नको असते. १० किलो चरबीत ९०,००० उष्मांक साठतात. तेवढेच ग्लायकोजेनच्या रूपाने साठवायचे तर पाण्यासकट ओझे ९० किलोंच्या घरात जाईल. माणूस मग चालणार कसा?

पण मेद म्हणजे निव्वळ साठा नव्हे. शरीराच्या प्रत्येक पेशीची भिंत मेदाची आहे. या मेदरेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे पाण्यापासून पळते. म्हणून ते पाठीला पाठ लावून दुहेरी रांगेत उभे राहतात. हॉलंडमधील गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींवरून ही दुहेरी रांग प्रथम दाखवून दिली. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही मेदाबरोबरच अंगी लागतात. तेव्हा तेल-तूप अजिबात बंद करणे हा शहाणपणा नव्हे.

कोणते तेल, हे मात्र पाहावे. करडई, शेंगदाणा यांच्या तेलांतील बहुतेक शेपट्यांना मध्येच बाक असतो, म्हणून त्या दाटीने बसत नाहीत आणि तेल पातळ राहते. तुपातल्या बऱ्याच शेपट्या सरळ, म्हणून तूप थिजते. तेलात हायड्रोजन घालून वनस्पती तूप करताना, ते काम अर्धवट राहिले तर काही शेपट्यांचा बाक भलत्याच तऱ्हेने सरळ होतो. हाच ट्रान्स मेद. तो हृदयाला अपायकारक ठरल्यामुळे भारतात १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व वनस्पती तूप यांत तो २ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा नियम झाला आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कणगी भरली की वरची साखर पेवात जाते, कारण शर्करेचा मेद करणे शरीराला जमते. उलट मेदाम्लांची शर्करा मात्र आपल्याला करता येत नाही. म्हणूनच तूप न खाताही, केवळ गोड चहा, मैद्याचे पदार्थ आणि बैठे काम यांवर पोट सुटू शकते. पेवाची ही योजना दुष्काळासाठी आहे. १९७२ सारख्या वर्षी अंगावरच्या मेदाची किंमत काय, हे उपाशी माणसालाच ठाऊक. पण जिथे दोन वेळचे जेवण चुकत नाही, तिथे पेव उपसले न जाता नुसते भरतच राहते. मग मेद यकृतात साचतो आणि मधुमेहाला वाट मिळते. त्यावर उपाय साधे आहेत: भाकरी कोंड्यासकट पिठाची, साखर बेताची, तेल मोजून आणि पायांना रोजची चाल.