पोलादाच्या जोडातील वायुछिद्रे

वेल्डिंग करताना आर्कच्या उष्णतेने वितळलेल्या पोलादात वायू सहज विरघळतात. परंतु धातू थिजू लागताच त्यांना सामावून घेण्याची त्याची क्षमता एकदम घटते आणि जे बुडबुडे वेळेत पृष्ठभागावर पोचत नाहीत, ते जोडात पोकळ्या करून तेथेच अडकतात. या दोषाला सच्छिद्रता म्हणतात. वर्कशॉपमध्ये मात्र ‘ब्लोहोल’ हाच शब्द रूढ आहे.

अडकलेला वायू कोठून आला, हा खरा प्रश्न असतो. नायट्रोजन हवेतून येतो, कारण संरक्षक वायूचे आवरण वाऱ्याने किंवा जवळच्या पंख्यानेही विस्कटते. अशा वेळी गॅसचा प्रवाह वाढवत नेण्याकडे कल असतो, पण तो मर्यादेबाहेर वाढला की नोझलपाशी भोवरे निर्माण होऊन उलट बाहेरचीच हवा आत ओढली जाते. हायड्रोजन ओलावा, तेल, रंग आणि गंज यांतून मिळतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या जी.आय. पाइपची अडचण वेगळी आहे: जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, तर पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात, त्यामुळे मुलामा आधी घासून काढला नाही तर जस्ताची वाफ वितळलेल्या धातूत शिरते.

कमी हायड्रोजन देणाऱ्या ७०१८ प्रकारच्या रॉडकडे विशेष लक्ष द्यावे लागते. तिचे आवरण हवेतील दमटपणा शोषते, म्हणून उघड्या राहिलेल्या रॉड उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे, साधारणतः ३०० अंशांच्या पुढे, भट्टीत भाजून नंतर गरम पेटीत ठेवतात. सेल्युलोजयुक्त आवरणाच्या रॉडला मात्र हीच भाजणी अपायकारक ठरते, कारण तिला थोडा ओलावा आवश्यकच असतो. ७०१८ ने जोडाच्या आरंभीच छिद्रे पडत असतील, तर आर्क किंचित पुढे पेटवून मागे आणावा व आखूड ठेवून त्याच जागेवरून पुढे न्यावा, म्हणजे सुरुवातीचा सदोष धातू पुन्हा वितळतो.

आतली छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत. क्ष-किरण चित्रात ती काळसर गोल ठिपक्यांसारखी उमटतात, कारण तेथे किरण अडवायला धातू कमी असतो. मोजकी, विखुरलेली, बारीक छिद्रे मानकांनुसार चालू शकतात, परंतु जोडाची छिद्रे वरून दुसरा थर देऊन झाकणे ही सर्वांत घातक सवय होय, कारण खालचा वायू नव्या थरातही वर सरकतो. दोषयुक्त भाग ग्राइंडरने निखळ धातू लागेपर्यंत काढावा, मूळ कारण दूर करावे आणि मगच पुन्हा रॉड लावावी.