सरळ रेषेचा भाव

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर माझे सुतारकामाचे दुकान आहे. जागा बारा बाय अठरा फूट. एक टेबल-करवत, एक रंधा मशीन आणि भिंतीला टेकवलेले प्लायवूड, एवढाच संसार. मागे एकदा जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधून स्वयंपाकघराच्या कपाटांचे काम मिळाले. बारा दारे दिली, त्यांतली सात परत आली. काटकोन चुकला होता. दोन फुटांत दीड मिलिमीटर! पूर्वी एवढा फरक रंध्याच्या दोन हातांत निघून जाई. लॅमिनेट चढवलेल्या दाराला रंधा लावायची सोय नाही.

दोष पात्याचा नव्हता. लाकूड पात्याकडे नेणारा सरकता पाट लोखंडी अँगलवर साध्या चाकांनी धावत होता आणि चाके झिजून सैल झाली होती. मेजाचा खण एकाच कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन अडकतो, तसा हा पाट मध्येच अडके. पाट अडकला की हात नकळत जोर लावतो, आणि एकदम सुटला तर हात कुठे जाईल याचा भरवसा नाही. माझ्या डाव्या तर्जनीवरचा व्रण याची साक्ष देतो. सरकत्या टेबलाचे नवे मशीन घ्यावे तर किंमत लाखाच्या पुढे, आणि ते आत ठेवायचे म्हणजे मला बाहेर बसावे लागणार.

म्हणून लिनिअर बेअरिंग बसवायचे ठरवले. साधे बेअरिंग गोल फिरते, हे दांड्यावरून सरळ धावते. आतल्या गोळ्या दांड्यावर लोळत जातात आणि आतल्या आत वळसा घेऊन पुन्हा कामावर हजर होतात. घासण्याच्या जागी लोळणे आल्यामुळे पाट हलका चालतो आणि डुगडुगत नाही.

नागदेवी स्ट्रीटवरून बेअरिंगे आणली. दांड्यांत मात्र काटकसर केली. साधे ब्राइट बार घेतले. महिन्याभरात त्यांच्यावर चर पडले. गोळ्या कठीण पोलादाच्या, दांडा मऊ. दुसरे काय होणार? वाचवलेले पैसे बुडाले, वर बेअरिंगेही खरखरू लागली.

तेव्हा वरच्या मजल्यावरचे फिटरकाका खाली आले. वय पंचाहत्तरीच्या पुढे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले आणि पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. पाट मागेपुढे करून ते म्हणाले, "अरे, बेअरिंग कुणाला सरळ करत नाही. खाली जे असेल तेच वर दाखवतं. आधी बैठक बघ."

बैठक म्हणजे दारूखान्यातून आणलेले जुने चॅनेल. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याला पीळ बसला होता. काकांनी पातळ पोलादी तार ताणली, लेव्हल ठेवली आणि जिथे खड्डा दिसला तिथे थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून घातला. हा पत्रा सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. याहून स्वस्त माप बाजारात नाही. मग कठीण केलेले, खालून ॲल्युमिनियमचा आधार असलेले २० मिलिमीटरचे दोन दांडे आणले. पहिला तारेशी जुळवून पक्का केला. दुसरा मुद्दाम सैल ठेवला. पाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत, तो जिथे असेल तिथलाच स्क्रू आवळायचा, म्हणजे दुसरा दांडा आपोआप पहिल्याशी समांतर येतो. दोन्ही दांडे आधीच आवळले असते, तर पाट पुन्हा अडकलाच असता. प्रत्येक दांड्यावरची दोन बेअरिंगे शक्य तेवढी लांब ठेवली, म्हणजे पाट तिरका होत नाही.

उरला भुसा. तेलात तो मिसळला की त्याची लुगदी होते आणि गोळ्या रुततात. म्हणून दांडे पाटाखाली झाकले, बेअरिंगांच्या तोंडाशी नमद्याच्या पट्ट्या लावल्या आणि पात्यावरचे संरक्षक झाकणही या निमित्ताने परत बसवले.

परीक्षा सोपी होती. एक फळी कापली, एक तुकडा उलटा केला आणि कापलेल्या कडा एकमेकींना भिडवल्या. काटकोनात चूक असेल तर फट दुप्पट दिसते. वहीचा कागदही आत शिरला नाही.

वाया गेलेले दांडे धरून सारा खर्च बारा हजारांच्या आत बसला. काकांनी मजुरी घेतली नाही. चहा मात्र दोनदा मागितला. सात दारे नव्याने करून दिली, ती लागली. पण मला वेगळाच हिशेब सुचतो आहे. बेअरिंग उद्याही नागदेवीला मिळेल. तार ताणून पीळ ओळखणारी नजर कुठे मिळणार? गिरण्या गेल्या, पण ही विद्या अजून आमच्या चाळींच्या वरच्या मजल्यांवर बसून आहे, आणि तिचेही वय होत चालले आहे. आता दर शनिवारी दुकानातला पोरगा वर जातो आणि काकांना हात धरून खाली आणतो. गेल्या खेपेस तार त्याने ताणली.